अर्ध्या श्लोकाचा आसरा

योगवर्गात यम-नियमांची ओळख सुरू झाली आणि अहिंसेनंतर सत्याची पाळी आली, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘खरे बोलावे, पण अप्रिय खरे बोलू नये, असे शास्त्रच सांगते.’ माना डोलतात. प्रत्येकाला आपापली एखादी थाप आठवते आणि तिला शास्त्राधार मिळाल्याच्या समाधानात मंडळी शवासनात पडतात. पुढची पायरी याहून धीट असते : पतंजलींनी अहिंसा पहिली ठेवली, सत्य दुसरे, तेव्हा कोणाचे मन दुखावणार असेल तर खोटे बोलणे हाच खरा योग. हा युक्तिवाद व्याख्यानांत आणि घरगुती गप्पांत इतका रुळला आहे, की त्याला हरकत घेणाराच हेकट ठरतो. ती हरकत मला घ्यायची आहे. पातंजल योगाने खोटे बोलण्याचा परवाना कोणालाही दिलेला नाही. त्याने दिली आहे ती न बोलण्याची मुभा, आणि तीही तपासून वापरण्याची.

आधी त्या श्लोकाचे पाहू. तो योगसूत्रांतला नाहीच. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला आहे. अप्रिय सत्य बोलू नये, एवढे सांगून तो थांबत नाही. लगोलग तो बजावतो की प्रिय असले तरी असत्य बोलू नये, आणि या संपूर्ण आचाराला सनातन धर्म म्हणतो. म्हणजे श्लोकाने दोन्ही बाजूंना कुंपण घातले आहे. बोचणारे खरे अडवले आहे, तसेच सुखावणारे खोटेही. मग उरते काय? सौम्यपणे सांगता येईल ते खरे, नाहीतर मौन. आपण त्यातले एक कुंपण पाठ केले, दुसरे मोडून टाकले, आणि त्या वाटेने सुखावणाऱ्या खोट्याची बैलगाडी राजरोस आत घेतली. अर्धा श्लोक म्हणून दाखवणे हीदेखील फसवणूकच आहे. निदान सत्यावर बोलताना तरी ती टाळावी.

आता पतंजली. साधनपादाच्या तिसाव्या सूत्रात पाच यम येतात आणि त्यावरच्या व्यासभाष्यात सत्याची जी फोड आहे, ती रोजच्या व्यवहाराला थेट लागू पडणारी आहे. जसे पाहिले, जसे अनुमानाने कळले, जसे ऐकले, तसेच वाणीत आणि मनात असणे, ही पहिली अट. मनातसुद्धा, हे लक्षात घ्यावे. स्वतःशी केलेली बनवाबनवीही यात आली. दुसरी अट बोलण्याच्या हेतूची. आपल्याला जे कळले ते दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी आपण बोलतो, म्हणून ते बोलणे फसवे नसावे, भ्रमातून आलेले नसावे आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध होणार नाही असे पोकळ नसावे. तिसरी अट, ते प्राणिमात्रांच्या हिताचे असावे. त्यांचा घात करणारे बोलणे शब्दाने खरे असले तरी ते पुण्याचा केवळ आभास होय. शेवटी भाष्यकार सांगतात की नीट पारखून, सर्वांच्या हिताचे असे सत्य बोलावे. हिताची अट घालताना त्यांनी ‘सत्य’ काढून टाकलेले नाही. जे बोलायचे आहे त्याला दोन्ही कसोट्या लागू आहेत. एका कसोटीला उतरले म्हणून दुसरी माफ होत नाही.

‘अहिंसा पहिली’ या मुद्द्याचेही उत्तर त्याच भाष्यात आहे. पुढचे सगळे यम-नियम अहिंसेच्या मुळावर उभे आहेत आणि तिचेच रूप अधिक निर्मळ व्हावे म्हणून ते सांगितले आहेत, असे व्यास म्हणतात. म्हणजे सत्य हे अहिंसा शुद्ध करण्याचे साधन झाले. ते साधन फेकून देऊन अहिंसा साधता येईल असा अर्थ यातून काढायचा, तर भाष्य उलटे धरून वाचावे लागेल. शिवाय फसवणूक ही स्वतःच एक हिंसा आहे. ज्याला आपण खोटे सांगतो, त्याचा खऱ्या माहितीच्या आधारे निर्णय घेण्याचा हक्क आपण त्याला न विचारता काढून घेतो.

भाष्यावर टीका लिहिणारे वाचस्पती मिश्र फसव्या बोलण्याचे उदाहरण म्हणून कोणाला उभे करतात? कोणा लबाड व्यापाऱ्याला नव्हे, साक्षात धर्मराजाला. द्रोणाने विचारले तेव्हा अश्वत्थामा मेला हे युधिष्ठिराचे शब्द अक्षरशः खोटे नव्हते. त्या नावाचा हत्ती मेलाच होता. पण द्रोणाच्या मनात जे उतरले ते वास्तव नव्हते, आणि ते तसेच उतरावे हाच बोलण्याचा हेतू होता. म्हणून शब्द खरे असूनही ते सत्य नव्हे. जे शास्त्र शब्दाने खऱ्या असलेल्या बोलण्यालाही फसवे ठरवते, ते उघड थापेला ‘मन राखण्यासाठी’ म्हणून पाठीशी घालेल, ही अपेक्षाच अजब आहे.

इथे समोरून हुकमी पान टाकले जाते : ‘दारात दरोडेखोर उभे आहेत, आत माणसे लपली आहेत, मग काय कराल?’ प्रश्न रास्त आहे आणि जुना आहे. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची कथा आहे. लपलेल्यांचा ठावठिकाणा खरा सांगून तो त्यांच्या मृत्यूला कारण झाला आणि सत्यवादी म्हणवूनही नरकात गेला. वाचस्पतीही अशाच एका तापसाचा दाखला देतात. चोरांनी विचारताच त्याने व्यापाऱ्यांच्या तांड्याची वाट दाखवली. अशा वेळी न बोलता सुटका होत असेल तर बोलू नये, आणि बोलणे भागच पडले तर खोटे बरे, असे कर्णपर्वात श्रीकृष्ण सांगतो. योगभाष्य तेवढे पुढे जात नाही. पण महाभारताचा हा कौल मी नाकारत नाही. मात्र त्याच्या अटी मोजून घेऊ. समोर घातक हेतूने आलेला माणूस हवा. दुसऱ्याचा जीव टांगणीला लागलेला हवा. मौनाची वाट बंद हवी. आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा लाभ त्यात कवडीचाही नसावा. आता या चार अटी आपल्या आठवडाभरातल्या थापांना लावून पाहा. घराबाहेर पडलेलो नसताना ‘पाच मिनिटांत पोचतोच’ म्हणून सांगितले, तेव्हा दारात कोणता दरोडेखोर उभा होता?

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, हाच पेच सविस्तर चर्चिला आहे. ज्यांना टिळकांचे नाव घेऊन व्यवहारी खोट्याचे समर्थन करायचे असते, त्यांनी ते प्रकरण पुरते वाचावे. अपवादाचे प्रसंग खरे असतात हे टिळक मान्य करतात. पण युधिष्ठिराने त्या एका वाक्याची किंमत मोजली, हेही सांगायला ते विसरत नाहीत. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, आणि पुढे त्याला नरकाचे दर्शनही घडले. अपवाद करावा लागला तरी तो उणेपणा म्हणून नोंदला जातो, हे महाभारताचे गांभीर्य आहे. आपण मात्र अपवादालाच नियम केले आणि नोंद ठेवणे बंद केले.

दुसरे हुकमी पान म्हणजे पाच क्षम्य असत्यांची यादी : थट्टेत, स्त्रियांशी, लग्नाच्या वेळी, प्राणसंकटात आणि सर्वस्व जाण्याच्या प्रसंगी. ‘लग्नात थोडे इकडे-तिकडे चालतेच, महाभारतातच आहे,’ असे सांगणारे मध्यस्थ आपल्याकडे गावोगाव आहेत. ही यादी महाभारतात एकाहून अधिक ठिकाणी येते. पण आदिपर्वात ती कोण, कोणाला आणि कशासाठी ऐकवते, ते पाहावे. शर्मिष्ठा ती ययातीला ऐकवते. शुक्राचार्यांनी घातलेली अट त्याने मोडावी म्हणून. ययाती आधी नाही म्हणतो. राजा हा प्रजेचा आदर्श, तो खोटे वागला तर नाश पावेल, असे सांगतो. मग वळतो. प्रकरण उघडकीला येते आणि भर तारुण्यात म्हातारपणाचा शाप त्याच्या कपाळी येतो. खांडेकरांची ‘ययाति’ घरोघरी वाचलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. ज्याला ती सवलत ऐकवली गेली, त्याचे पुढे काय झाले, एवढे तरी यादी वाचून दाखवताना सांगायला हवे.

खरा प्रश्न अपवादाचा नाहीच. मर्यादित व्रताचा आहे. पतंजली एकतिसाव्या सूत्रात सांगतात की जात, देश, काळ आणि प्रसंग यांनी खंडित न होणारे यम हेच महाव्रत. भाष्यात दाखला आहे मासे मारणाऱ्याचा. मी फक्त मासेच मारीन, इतर प्राणी नाही, असे तो म्हणाला तर त्याची अहिंसा जातीने मर्यादित झाली. तीर्थक्षेत्री मारणार नाही म्हणाला तर देशाने, चतुर्दशीला मारणार नाही म्हणाला तर काळाने. आपले सत्य तंतोतंत असेच आहे. घरच्यांशी खरे बोलू, सरकारी कार्यालयात नाही. देवळात खरे, बाजारात नाही. एरवी खरे, पण विवरणपत्र भरायची वेळ आली की वडिलांच्या नावाने कधीच न दिलेल्या भाड्याच्या पावत्या तयार. मित्राशी खरे, पण जागेच्या व्यवहारात दस्तातली किंमत वेगळी आणि हातावर टेकवायची वेगळी. त्याला ‘व्हाइट’ आणि ‘ब्लॅक’ अशी नावे आपण इतक्या सहज घेतो, की त्यात खोटे काही आहे हे जाणवेनासे झाले आहे. आपण खोटारडे नाही, असे प्रत्येकाला वाटते ते याचमुळे. प्रत्येकाकडे अशी एखादी चतुर्दशी असतेच, त्या दिवशी तो खरे बोलतो.

पतंजली इथेही पळवाट ठेवत नाहीत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेले मान्य केलेले, असे दोषाचे तीन प्रकार ते चौतिसाव्या सूत्रात सांगतात. त्यांमागे लोभ, क्रोध किंवा मोह. आणि ते सौम्य, मध्यम किंवा तीव्र. भाष्यकार हिंसेच्या संदर्भात गुणाकार करत ८१ प्रकारांपर्यंत जातात आणि असत्यालाही हेच लावावे, असे सांगतात. दारात वर्गणीवाले आले की पोराला ‘बाबा घरी नाहीत सांग’ म्हणून पिटाळणारा बाप स्वतः एक शब्दही खोटे बोललेला नसतो. त्याने करवले आहे. आणि तेही ज्याला उद्या ‘खरे बोल’ म्हणून तो दटावणार आहे त्याच्याकडून. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर ‘जसा आला तसा’ पुढे ढकलणाराही हात झटकतो. पण ऐकले ते ऐकल्यासारखे आणि पाहिले ते पाहिल्यासारखे सांगणे, ही तर व्याख्येतली पहिलीच अट. कानावर आले ते डोळ्यांनी पाहिल्याच्या थाटात पसरवले, म्हणजे भ्रमातून बोलणे आणि दुसऱ्याच्या खोट्याला संमती देणे, दोन्ही एका बोटाच्या हालचालीत झाले.

आता सर्वांत अवघड बाजू. घरातल्या माणसाला कर्करोग निघतो आणि नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, ‘त्यांना कळू देऊ नका, खचतील.’ यामागे माया असते, हे कोणी नाकारू नये. पण भाष्याची कसोटी इथे फार कामाची आहे. सगळे एका दिवशी, एका दमात सांगावे, असे ती म्हणत नाही. किती सांगायचे, केव्हा सांगायचे, कोणी सांगायचे, हे हिताच्या विचाराने ठरवता येते. रुग्णाला स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे, हेही आधी विचारता येते. त्याने ‘मला नको, मुलाशी बोला’ म्हटले तर तो मान राखायलाच हवा. पण ‘पोटात साधा फोड आहे’ असे सांगणे हे मौन नव्हे. ती फसवणूक आहे. वॉर्डाच्या दारावरची पाटी त्यालाही वाचता येते. मग सुरू होते दुहेरी नाटक : आपल्याला कळले आहे हे तो लपवतो, त्याला कळू नये म्हणून बाकीचे लपवतात, आणि ज्या दिवसांत मनातले बोलायचे, ते दिवस एकमेकांपासून तोंड चुकवण्यात जातात. मृत्युपत्र राहते, कोणाशी मिटवायचे ते राहते, निरोप राहतो. ‘तो खचेल’ या वाक्याच्या पोटात बहुतेक वेळा ‘त्याच्याकडे पाहत हे सांगण्याचे बळ माझ्यात नाही’ हे दुसरे वाक्य असते. ती दुर्बलता माणसाची आहे, समजण्यासारखी आहे. पण तिला अहिंसा हे नाव देऊ नये.

याचा अर्थ मी ‘स्पष्टवक्त्यां’च्या बाजूने उभा आहे, असे मात्र कोणी समजू नये. ‘आपल्याला बुवा तोंडावर बोलायची सवय आहे’ असे छाती काढून सांगणारा माणूस बहुधा सुनेच्या स्वयंपाकावर, मेहुण्याच्या नोकरीवर आणि शेजारणीच्या वजनावर तोंडावर बोलतो. साहेबांच्या चुकांवर नाही. त्याच्या सत्याला समोरचा कमजोर लागतो. असल्या बोलण्याचा उगम क्रोधात किंवा अहंकारात असतो, आणि पुण्याचा आभास म्हणून भाष्यकारांनी बाजूला काढले ते हेच. गोड थापाड्या आणि कडू स्पष्टवक्ता एकमेकांची उदाहरणे देऊन आपापले समर्थन करतात. दोघांनीही बोलण्याआधी पारखण्याचे कष्ट टाळलेले असतात, एवढे त्यांच्यात साम्य आहे.

‘हे सगळे ठीक, पण खऱ्याने धंदा होत नाही,’ हा शेवटचा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून गांधींच्या ‘सत्याचे प्रयोग’मधला पारशी रुस्तमजींचा प्रसंग पुरेसा आहे. दक्षिण आफ्रिकेतले हे मोठे व्यापारी, गांधींचे अशील आणि स्नेही. जकात चुकवून माल आणल्याचे प्रकरण उघडकीला आले तेव्हा ते गांधींकडे धावले. गांधींनी बचावाच्या युक्त्या शोधल्या नाहीत. अधिकाऱ्यांपुढे सगळे कबूल करा, वेळ आली तर तुरुंगात जा, असा सल्ला दिला. चुकवल्याचे जेवढे कबूल केले त्याच्या दुप्पट दंड भरून प्रकरण मिटले. रुस्तमजींनी त्याची हकीकत लिहून, चौकट करून आपल्या कचेरीत लावली; वारसांना आणि इतर व्यापाऱ्यांना कायमची आठवण राहावी म्हणून. कबुलीने त्यांचा धंदा बुडाला नाही. आणि बुडाला असता तरी? सत्य फायद्याचे ठरते म्हणून पाळा, असे पतंजली म्हणतच नाहीत. छत्तिसाव्या सूत्रात सत्यात स्थिर झालेल्याच्या वाणीला फळ येते, असे म्हटले आहे खरे, आणि त्यावरून ‘वाचासिद्धी’च्या सुरस कथा सांगितल्या जातात. सिद्धीचे नंतर पाहू. आधी आपण दिलेली वेळ आणि आपली पोचण्याची वेळ जुळू द्या. वाणीच्या फळाची सुरुवात तिथून होईल.

योग शिकवणाऱ्यांनाही हे लागू आहे. किंबहुना त्यांना आधी. अमुक आसनाने मधुमेह मुळापासून जातो, तमुक प्राणायामाने थायरॉइडची गोळी सुटते, असे दावे करणाऱ्यांनी स्वतः काय पाहिले, कशावरून अनुमान काढले आणि काय नुसते ऐकले, याची फोड करून दाखवावी. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात ज्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या औषधी जाहिरातींबद्दल माफी मागावी लागली आणि वर्तमानपत्रांतून माफीनामे छापावे लागले, तिच्या नावातच पतंजली आहेत. याच क्षेत्रात दुसरे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. योगक्रियांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितले जात होते, ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासायला घेतले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब उतरतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. जेवढे मोजले तेवढेच सांगायचे. गुरूवर श्रद्धा होती, म्हणून मोजमाप थांबले नाही. व्यासांच्या व्याख्येतले सत्य विसाव्या शतकात कसे दिसते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

रोज करायचे काय, याचेही उत्तर सूत्रांत आहे : प्रतिपक्षभावना. खोटे ओठांवर आले की त्याच्या उलट विचार उभा करायचा. व्यास यासाठी अंगावर येणारी उपमा देतात : सोडलेले पुन्हा धरणारा साधक म्हणजे ओकलेले पुन्हा चाटणारे कुत्रे. आपल्याला एवढी कठोर भाषा झेपत नसेल तर तीन प्रश्न पुरेत. हे खोटे मी लोभाने बोलतो आहे, रागाने की मोहाने? हे ऐकणाऱ्याला पुढे कळले तर तो माझे आभार मानेल की मला तोंडावर लबाड म्हणेल? आणि इथे गप्प राहणे किंवा ‘मला सांगायचे नाही’ म्हणणे खरोखरच अशक्य आहे का? बहुतेक थापा तिसऱ्या प्रश्नापर्यंतही टिकत नाहीत. ‘आज मला यायला जमणार नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. त्याला पोटदुखीची जोड लागत नाही.

तेव्हा ज्यांना खोटे बोलायचे आहे त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या नावावर बोलावे. लोभाने बोललो, भीतीने बोललो, धीर झाला नाही म्हणून बोललो, असे म्हणावे. त्यात निदान शेवटचे वाक्य तरी खरे असेल. पण पतंजलींना, मनूला आणि अहिंसेला त्यात साक्षीला बोलावू नये. त्यांनी ती साक्ष दिलेली नाही.